मरायला आणलेली तूर

आमच्या घरात दोन कुकर आहेत. एक डाळभाताचा आणि एक माझा. माझ्या कुकरच्या दांड्याला सासूबाईंनी लाल दोरा बांधून ठेवलाय, चुकून कोणी त्यात वरण लावू नये म्हणून. त्यात काय शिजतं हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या ठसक्यात सांगतात, "आमची सून त्याच्यात बुरशीचा सैपाक करते."

सांगतात ते खोटं नाही. मी यवतमाळच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर, सगळ्या मैत्रिणी निवांत झालेल्या असताना, पीएच.डी.ला बसले आहे. विषय तुरीच्या मर रोगाचा. हा रोग एका बुरशीमुळे होतो. ती मातीत दबा धरून राहते, मुळातून झाडात शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते, आणि चांगलं फुलावर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळून जातं. हीच बुरशी एका वावरात तुरीचा फडशा पाडते आणि दुसऱ्या वावरात गुमान बसून राहते. असं का, तिच्या जनुकांत असा काय फरक असतो, हे मला शोधायचं आहे.

आता शोधायची म्हटलं तर आधी ती पोसायला हवी. तिला आवडतं बटाट्याचं पाणी आणि ग्लुकोज. कॉलेजातलं निर्जंतुक करायचं मोठं यंत्र वर्षातले निम्मे दिवस आजारी असतं, म्हणून माझा कुकर. पाणी बुरशीला जातं आणि उकडलेले बटाटे आम्हाला उरतात. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला असलेल्या माझ्या नवऱ्याचा डबा उघडला की त्याचे मित्र विचारतात, "काल बुरशीनं काय खाल्लं?" भाजी बटाट्याची असली की त्यांना उत्तर मिळालेलं असतं.

सासूबाईंना मी आई म्हणते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा राळेगावकडचं घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या. वावर ठोक्यानं, म्हणजे सालाच्या ठरलेल्या रकमेवर, कसायला दिलं, पण एक अट घालून. विहिरीकडच्या अंगाला तुरीचे काही तास, म्हणजे ओळी, त्यांच्या स्वतःच्या बियाण्याच्या पेरायच्या. हे बियाणं त्यांनी लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरून आणलं होतं. दाणा फिका, टपोरा. डाळ अशी शिजते की घोटावी लागत नाही. दरवर्षी काढायची, राख लावून डब्यात ठेवायची, पुढच्या वर्षी पेरायची. त्यांच्या भावानं मधे कधीतरी बाजारातल्या बियाण्यावर उडी मारली आणि माहेरची तूर माहेरातूनच गेली. म्हणजे आता ती फक्त आईंकडे. आणि काही वर्षांपासून विहिरीकडच्या त्याच तासांत मर लागलेली. डबा दरसाल हलका होत चाललेला.

"तू त्या बुरशीचं एवढं करतं," त्या एकदा मला म्हणाल्या, "तं तिले एक विचार न. माही तूर ते ठेवते का नाई ठेवत. नसन ठेवत तं मी डबा धुऊन टाकतो. दरसाल जीव लावाचा आन दरसाल पाहाचं, हे माह्याच्यानं होत नाई आता."

त्यांनी हे हसत म्हटलं, पण डबा धुण्याची गोष्ट त्या कधी हसण्यावारी नेत नाहीत हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, विचारते.

विचारायची रीत सोपी आहे आणि थोडी दुष्ट आहे. ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी वाढवायची, ते दाणे मातीत मिसळायचे आणि त्या मातीत तूर पेरायची. मग बघत बसायचं. मात्र एकटी आपली तूर पेरून चालत नाही. तिच्या शेजारी अशी एक तूर पेरावी लागते जी या रोगाला हमखास बळी पडते. ती मेली तरच समजायचं की बुरशी जागी होती आणि परीक्षा खरी झाली. या कामासाठी बळी पडणारा एक वाण मुद्दाम सांभाळलेला असतो. आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी, तो बाहेरून मागवला. पाकीट पोस्टानं आलं. आईंनी ते उघडून दाणे तळहातावर घेतले, बोटानं फिरवले आणि म्हणाल्या, "पाहुणी छान हाय बाप्पा." तेव्हापासून त्या वाणाचं नाव आमच्या घरात पाहुणी पडलं. हे नाव पुढे मला महागात पडणार होतं.

कॉलेजच्या जाळीघरात माकडांचा राबता, म्हणून कुंड्या आमच्या गच्चीवर मांडल्या. डावीकडे पाहुणीची ओळ, उजवीकडे आईंच्या तुरीची. बुरशी माझ्याकडे होतीच, आणि तीही परकी नव्हती. पीएच.डी.ला बसण्याच्याही आधी, केवळ हौस म्हणून, मी आईंच्या वावरातल्या मेलेल्या झाडातून ती काढली होती आणि काचेच्या नळ्यांत जपली होती. नळीतलं खाणं संपत आलं की नव्या नळीत थोडी लावायची, ती भरली की पुढच्या. बशीत वाढवली की पांढरी, मऊ, कडेला जराशी गुलाबी दिसायची. आई बशी उजेडाकडे धरून म्हणायच्या, "बोंड फुटल्यावानी दिसते." कपाशीच्या मुलखातल्या बाईकडून यापेक्षा मोठी तारीफ बुरशीला मिळणार नाही.

आषाढात पेरलं. पोळा आला, पोळा गेला. आईंची तूर हिरवीगार. एकही झाड मान टाकत नव्हतं. आई रोज सकाळी गुडघ्यांना शिव्या देत जिना चढायच्या आणि हसत उतरायच्या. एक दिवस मी कॉलेजातून येते तर फोनवर भावाशी बोलणं चाललेलं. "आपली तूर नाई मेली. सुनेनं बुरशी कालवून देली होती मातीत, तरी नाई मेली. तुह्या बजारातली आन बरं इथं."

मी पर्स ठेवायच्या आधीच माझं डोकं तापलं. आईंवर नाही, स्वतःवर, मी त्यांना वेळेवर सांगितलं नाही म्हणून. कारण डावीकडची पाहुणीही हिरवीगारच होती.

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्याची मेली नाई म्हणून माही जगली नाई, असं कुठं असते?"

"आई, बुरशीच झोपली आहे. दोघींले तिनं हातच नाई लावला. मंग तुमची ताकदीची का बिनताकदीची, हे कसं कळन?"

थोड्या वेळानं त्यांनी भावाला पुन्हा फोन लावला आणि सांगितलं की अजून कळलं नाही. तो फोन मला ऐकवत नव्हता, म्हणून मी नळाखाली भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी सर कुंड्या बघायला आले. आमचे सर यवतमाळचेच. वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे कॉलेजातलं आजारी यंत्र बंद पडलं की सर मेकॅनिकची वाट न बघता स्वतः पान्हा घेऊन खाली बसतात. त्यांनी पाहुणीची टवटवीत ओळ पाहिली आणि कमरेवर हात ठेवून हसले. "मॅडम, यांना मरायला बोलावलं होतं. ये तो बारात में आये हैं."

मग त्यांनी विचारलं, बुरशी कितव्या नळीतली? मला आकडा सांगता आला नाही इतक्या नळ्या झाल्या होत्या. "तोच घोटाळा," सर म्हणाले. "तुमची बुरशी घरजावई झाली. आयतं खाऊन खाऊन कमवायचं विसरली."

हे गमतीत म्हटलेलं असलं तरी विज्ञान त्यात पुरेपूर आहे. बुरशी वाढते म्हणजे स्वतःच्या नकला काढत जाते, आणि नकलेत कुठे ना कुठे चूक होते. वावरात ज्या नकलेची झाड फोडायची कला बिघडली तिची धाव झाडाबाहेरच संपते. बटाट्याच्या पाण्यात मात्र झाड फोडायचंच नसतं. तिथे ती कला बिघडली तरी काही अडत नाही. उलट जी नक्कल नुसती भराभर वाढते तीच नळी भरून टाकते आणि पुढच्या नळीत जाते. या बुरशीच्या भाऊबंदांपैकी काही तर रोग लावायचं सगळं सामान एका लहानशा जादा गुणसूत्रात बांधून फिरतात, आणि लाडात वाढल्या की ते गाठोडंच कुठेतरी विसरतात. आमच्या बुरशीचं काय झालं होतं ते मला अजून नीट माहीत नाही. पण तिला मी बिघडवलं होतं, आणि तेही खाऊ घालून. मला दोन मुलं आहेत, त्यामुळे हे ऐकून मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

परीक्षा रद्द झाली तरी शेवटचं काम उरलं होतं. बुरशी झाडात शिरली होती की नाही हे बघायला सगळी झाडं उपटून, खोड उभं चिरून, मुळाचे तुकडे बशीत लावावे लागतात. उरलेलं झाड आणि माती शिजवून टाकावी लागते. मी ते सगळं गच्चीवर केलं. पाहुणीच्या काही झाडांना कळ्या धरल्या होत्या. मी त्या चिरत होते तेव्हा आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या संध्याकाळी कुकर शिजत असताना त्या पोळ्या लाटत होत्या, पण पोळपाट त्यांनी भिंतीकडे वळवून घेतला होता. मी पाहिलं आणि विसरले. कामाच्या नादात माणसाला काय काय दिसून दिसत नाही.

घरजावयाच्या जागी ताजी बुरशी हवी होती, जिनं नुकतंच झाड मारलंय अशी. दसऱ्यानंतर वावरात झाडं वाळायला लागली तशी मी राळेगावला निघाले. आई म्हणाल्या, मी पण येतो. गुडघ्यांची आठवण दिली तर म्हणाल्या, "वावर माहं, झाड माहं, बुरशी पण माहीच. मंग मी काहून नाई?"

विहिरीजवळ आम्ही दोघी उभ्या राहिलो. चहूकडे कपाशी पांढरी झालेली आणि मधल्या तुरीच्या तासांत जागोजाग वाळकी झाडं. आईंनी एक एक झाड हातानं वाकवून पाहिलं आणि मला हवं तसं निवडून दिलं. अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं, कारण पुरतं वाळलेल्यात दुसऱ्याच बुरश्या घर करतात. हे त्यांना मीच शिकवलं होतं. विळ्यानं साल काढली तर आत काळ्या रेघा. आईंनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. "हेच का ते?"

"हेच."

"दिसाले तं काईच नाई," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते झाड स्वतःच्या मांडीवर धरलं. कंडक्टर म्हणाला, मावशी, वर टाका. तर म्हणाल्या, "नको, वरते कोणाचं बियाणं असन. रोगी झाड हाय हे." सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं पाय जवळ घेतले. मला हसू आवरत नव्हतं आणि आईंचा चेहरा दवाखान्यात नेत असलेल्या माणसाच्या सोबतीसारखा गंभीर होता.

नवी बुरशी निघाली. जुनी आणि नवी, दोघींना खलात कुटून डीएनए काढला, यंत्रात घातला, आणि पट्ट्यांचा फोटो घरी आणला. पट्ट्या जिथल्या तिथे, दोघींच्या सारख्या. आईंनी फोटो लांब धरून पाहिला. "हे तं तास दिसून राह्यले. आन दोन्ही तासांत पेरा एकच हाय." मला जे वर्गात सांगायला अर्धा तास लागतो ते फोटो बघून त्यांनी बरोबर वाचलं, एवढंच की शेवटचा निष्कर्ष चुकला. त्यांना वाटलं, पेरा एकच म्हणजे वागणंही एकच. मी सांगितलं की कुळ एकच आहे, वागणुकीचा फरक या पट्ट्यांत दिसत नाही, तो झाडालाच विचारावा लागतो.

दिवाळीनंतर पुन्हा कुंड्या मांडल्या. पुन्हा डावीकडे पाहुणी, उजवीकडे आईंची. डब्यातलं बियाणं मोजकंच उरलं होतं. निम्मं त्यांनी मला दिलं.

"या खेपी पाहुणीले नक्की मारशीन?" पेरताना त्यांनी विचारलं.

"मीच कायले? बुरशी मारन."

"तेच ते," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

थंडीत पेरलेली तूर वाढत नाही, लवकर फुलावर येते. कमरेलाही न लागलेली ती झाडं संक्रांतीच्या सुमाराला कळ्या धरायला लागली, आणि त्याच सुमाराला उजवीकडच्या ओळीतल्या पहिल्या झाडानं मान टाकली. मग शेजारच्यानं. मग एका आड एक. आईंची तूर मरत होती.

आणि पाहुणी हिरवीगार उभी होती.

हे होऊच शकत नव्हतं. जी तूर देशभर या रोगानं मरते, मरण्यासाठीच जिची निवड झालीय, ती आमच्या गच्चीवर उभी. सर आले. या खेपी त्यांना विनोद सुचला नाही. दोन्ही ओळींकडे बघून म्हणाले, "मॅडम, चिठ्ठ्या उलट्या तर नाही लागल्या?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्थात. पेरताना फोन आला होता, मधेच उठले होते, ट्रे फिरवला असणार. म्हणजे मरते आहे ती पाहुणी आणि उभी आहे ती आईंची. मला इतका आनंद झाला की सर जिना उतरायच्या आत मी स्वयंपाकघरात पोचले. आई मेथी निवडत होत्या.

"आई, मी ओळी उलट्या लावल्या असतीन. उभी हाय ते तुमची. उद्या दोघींच्या पानांचा डीएनए काढून पक्कं करतो, पण सर पण हेच म्हणून राह्यले."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, त्यांना विश्वास बसत नाहीये. एवढे दिवस रोज वर जाऊन आपली तूर मरताना बघणाऱ्या बाईला मी सांगत होते की ती तुमची नव्हतीच. त्यांनी फक्त मान डोलावली असती तर मी निदान त्या रात्री तरी ते खरं धरलं असतं.

"नाई," त्या म्हणाल्या. "उभी हाय ते पाहुणीच हाय. तू नको तपासू."

मग त्या उठल्या आणि मला गच्चीवर घेऊन गेल्या. पाण्याच्या टाकीखाली, विटांच्या आड, खताची एक जुनी गोणी तोंड घट्ट बांधून ठेवली होती. त्यांनी गाठ सोडली. आत माती होती, आणि मातीत पांढरे, लव आलेले ज्वारीचे दाणे. माझे दाणे.

पेरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी कॉलेजात असताना, त्यांनी पाहुणीच्या सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या होत्या. कुंड्या गरम पाण्यानं धुतल्या, पेरूच्या झाडाखालची चांगली माती भरली, आणि पाकिटात उरलेले दाणे पेरले. चिठ्ठ्या होत्या तशाच ठेवल्या. रोगी माती मात्र बागेत टाकली नाही, गोणीत बांधून ठेवली. "एवढं मले कळते," त्या म्हणाल्या. त्या गुडघ्यांनी त्यांनी किती वेळा जिना केला असेल कोण जाणे.

मी चिडले. खोटं कशाला सांगू, मी चांगलीच चिडले. माझे महिने गेले होते, सरांना काय तोंड दाखवू असं झालं होतं. मी म्हटलं, "आई, तुम्हाले समजावून सांगतलं होतं न? ते मेली तरच तुमचीचं खरं कळन म्हणून?"

"समजलं होतं."

"मंग काहून?"

"पाहावलं नाई," त्या म्हणाल्या. "मांगच्या खेपी कळ्यांवर आली होती ते, आन तू चिरून कुकरात घातली. ते कोठून कोठून आली, पोस्टानं. तिचं इथं कोणी नाई. तू तिले मराले आणली होती. पाहुण्याले असं करते काय कोणी?"

मी काहीतरी आणखी बोलायला तोंड उघडलं आणि माझी नजर उजवीकडच्या ओळीवर गेली. वाळलेल्या, मान टाकलेल्या झाडांवर. ती माती कोणी बदलली नव्हती.

"आन तुमची?" मी विचारलं. "तुमच्या कुंड्याची माती काहून नाई बदलली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी फारच बावळट प्रश्न विचारलाय. "माहीची कायले बदलू? तिचं तं खरं पाहाचं होतं."

मी तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसले. त्या बाईनं परक्या तुरीला गुपचूप वाचवलं, आणि स्वतःच्या माहेरची तूर बुरशीच्या तोंडी ठेवून रोज सकाळी वर येऊन ती मरताना पाहिली. आणि आज, मी ती उभी ओळ त्यांचीच म्हणून आयती त्यांच्या पदरात घालत असताना, नाही म्हणाल्या. मला रडू आलं. राग गेला नव्हता, तरी रडू आलं. आईंना वाटलं मी कामाच्या नुकसानीला रडतेय, म्हणून त्या गोणीची गाठ पुन्हा बांधत म्हणाल्या, "सरांले मीच सांगतो न."

सांगितलंही. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. वर जाऊन पाहुणीची ओळ पाहिली, मग उजवीकडची. आणि उजवीकडच्या ओळीत बराच वेळ वाकून राहिले. सगळी मेली नव्हती. दोन झाडं उभी होती. दोघांना फुलं होती.

"अम्मा," सर म्हणाले, "कागदावर याला किंमत शून्य. पण ही दोन पोरं खऱ्या रोगी मातीत उभी आहेत. यांचं बी सांभाळा." जुन्या घरगुती बियाण्यात सगळे दाणे एकसारखे नसतात, हे त्यांनी आईंना सांगितलं. एकाच डब्यात कच्चे असतात, पक्के असतात. त्या दोघांच्या जनुकांत बुरशीला ओळखून दार लावून घ्यायची काही सोय असेल, किंवा नुसतं नशीब असेल. कोणतं, ते पुन्हा पेरल्याशिवाय कळणार नाही.

शेजारच्या पाहुणीचा पराग मधमाश्यांनी आणू नये म्हणून फुलांना कापडाची पिशवी घालावी लागते. आईंनी जुन्या सुती लुगड्याच्या पिशव्या शिवल्या, आणि पिशवीला नाडी घातली, शाळेच्या दप्तरासारखी. वाचलेल्या पाहुणीलाही शेंगा आल्या. कागदावर तिचा आता काही उपयोग नव्हता आणि माती तर पेरूखालचीच होती, म्हणून त्या शेंगा मीठ घालून उकडल्या. सरांना डबाभर पाठवल्या. मी त्या खाताना जरा फुरंगटूनच होते, पण खाल्ल्या.

उन्हाळ्यात दोन झाडांचं बी निघालं. वाटीच्या तळाशी बसेल एवढं. आईंनी ते राख लावून ठेवलं नाही. मृग लागल्यावर एके दिवशी वाटी घेऊन माझ्यासमोर बसल्या, बोटानं दाण्यांचे दोन भाग केले आणि एक माझ्याकडे सरकवला.

"हे घे. मारून पाहा."

"आणि हे?"

"हे डब्यात. ते मेलं तं मंग डबा धुवाचं पाहू."

मग म्हणाल्या, "या खेपी मी माती नाई बदलत. पण तू मले वरते जाऊ देऊ नको. दाराले कुलूप लाव. मले दिसलं का मी करन काईतरी."

म्हणून यंदा गच्चीच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. डावीकडे पाहुणी, नव्या पाकिटातली. उजवीकडे आईंची. मातीत वावरातून नव्यानं काढलेली बुरशी. तिला मी आता घरजावई होईपर्यंत नळीत राहू देत नाही. आई रोज सकाळी चहा पिताना विचारायच्या, "कोन गेलं?" नुसतं एवढंच. मी पाहुणीचं सांगायचे. त्या कप खाली ठेवायच्या, मग पुन्हा उचलायच्या. स्वतःच्या तुरीचं त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. मागचे दोन फोन माझ्या लक्षात होते.

गेल्या आठवड्यात सर येऊन गेले. सगळी नोंद झाली, फोटो झाले. मी खाली आले आणि किल्ली आईंच्या हातात दिली.

"पाहुणी गेली. सगळी."

त्यांनी किल्ली मुठीत धरली. "आन माही?"

"उभी हाय, आई. एक गेलं. बाकी सगळी उभी हाय."

त्या भिंतीचा आधार घेत एकेक पायरी चढल्या. मला वाटलं, धावत उजवीकडे जातील. त्यांनी नळावरून तांब्या भरून घेतला आणि आधी डावीकडे गेल्या. वाळलेल्या पाहुणीच्या एकेका कुंडीत थोडं थोडं पाणी घातलं, एकही कुंडी सुटू दिली नाही. मी शेजारी उभी होते. मग त्या आपल्या तुरीपाशी गेल्या, खाली बसल्या, एक पान उलटून पाहिलं, आणि मला म्हणाल्या की फोन दे, भावाले लावाचा हाय.